हरभऱ्याच्या दिवसांतलं इंग्रजी

माघ उतरणीला लागला की आमच्याकडे हरभरा वाळतो आणि त्याच सुमारास दहावीची परीक्षा येते. या दोन गोष्टींचा तसा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एका वर्षी दोन्ही माझ्या हातात एकदमच आल्या, आणि तेव्हापासून मला त्या वेगळ्या करता आलेल्या नाहीत. सकाळी रस्त्यानं चालताना शेतातून हरभऱ्याचा आंबट-खारट वास आला की डोक्यात आपोआप सुरू होतं. नाउन, प्रोनाउन, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब. मी थांबवत नाही. आठही शब्दांच्या जाती होऊन जाऊ देते. तोवर शाळेचं फाटक येतं.

या वर्षी माझी मुलगी आरोही दहावीला आहे. ती पहाटे अंगणात फेऱ्या मारत पाठ करते. परवा मधेच थांबून तिनं विचारलं, "आई, इंटरजेक्शन म्हणजे काय ते बाबा कसं शिकवायचे गं?" मी कणीक मळत होते. म्हटलं, "म्हशीवरून." ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

तो हंगाम आठवताना मला रडू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. हात भाजल्यावर वर जाड कातडी येते, तिला बोट लावलं तर बोटाला कळतं पण हाताला कळत नाही, तसे ते दिवस होते. सगळं दिसत होतं. ऐकू येत होतं. स्वयंपाकात मीठ बरोबर पडत होतं.

त्या वर्षीच्या आषाढात माझे यजमान शाळेत गेले. म्हणजे सकाळी डबा घेऊन शाळेत गेले, आणि तिथंच गेले. मराठीत दोन्हीला एकच क्रियापद पुरतं. आमच्या गावच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. पाचवा तास होता, दहावीचा वर्ग होता. शिकवता शिकवता खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. एकेचाळीस वर्षांचे होते. आरोही तेव्हा तिसरीत होती.

बाया यायच्या, गळ्यात पडायच्या, मला हलवायच्या. "रड वं बाई, रडून घे. आत ठेवू नको." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मनात यायचं, दुधावर झाकण ठेवलं का? कामरगावहून माझा भाऊ जीपनं आला, चार दिवस राहिला, जाताना म्हणाला, "ताई, तू बोलत जाय कोनासंगं." मी हो म्हटलं. काय बोलायचं ते त्यानं सांगितलं नाही.

तेराव्यानंतर मुख्याध्यापक घरी आले. सासरे ओसरीवर बसले होते, मी दाराआड. मुख्याध्यापक म्हणाले, "सरांच्या मागं बाईंना नोकरी मिळू शकते. आमचे कारकून पुढच्या वर्षी रिटायर होतात. पण त्या जागेला दहावी पास लागते."

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "नववीपर्यंत शिकली ती. इंग्रजीत गेली होती."

"सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून बसता येतं. बाकीचे विषय निघतील हो. इंग्रजीचं तेवढं पाहा."

ते गेल्यावर सासऱ्यांनी मला बाहेर बोलावलं. आम्हाला चार एकर कोरडवाहू आणि एक वावर ओलिताचं. त्यांची सत्तरी जवळ आलेली. ते म्हणाले, "मी किती दिवस पुरतो, सांग बरं?" मी फॉर्म भरला.

इंग्रजीच्या मास्तरांच्या बायकोला इंग्रजी येत नाही, ही गोष्ट गावात कोणाला विशेष वाटत नव्हती. मलाही नाही. पण तिच्यामागं एक लहानशी गोष्ट होती, ती कोणाला माहीत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात यांनी मला शिकवायला घेतलं होतं. रोज जेवणं झाली की पाटी घेऊन बसायचो. मला आवडत होतं. महिनाभरानं यांचे एक मित्र आले, तेही मास्तर. चहा घेताना हे कौतुकानं म्हणाले, "सांग यांना, 'मी बाजारात जातो' इंग्रजीत कसं म्हणशील?" मी म्हटलं, "आय अ‍ॅम गो मार्केट." दोघंही हसले. यांचं हसणं वाईट नव्हतं, लहान मूल पडल्यावर हसतात तसं होतं. मी कपबशा उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी पाटी काढली नाही. यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. नंतर बारा वर्षं आमच्या घरात इंग्रजी होतं, पण ते यांच्या आणि पुस्तकांच्या मधे, पुढं यांच्या आणि आरोहीच्या मधे. मी त्याच्या बाजूनं झाडून काढायची.

ऑगस्टमध्ये एक दिवस मी दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. मुख्याध्यापकांनीच सांगितलं होतं. पोरं मागं वळून बघायची आणि लगेच मान फिरवायची. टेबलामागं नवी खुर्ची होती, तिच्यावरचं प्लास्टिक काढायचं राहिलं होतं. मधल्या सुट्टीत मी घरी आले ती परत गेले नाही.

दिवाळीच्या सुट्ट्यांत एक मुलगी दारात आली. उंच, सावळी, दोन वेण्या. चप्पल पायरीखाली काढून उभी राहिली.

"काकू, मी प्रज्ञा. दहावीत हाय. सरायची वही भेटन का? झेरॉक्स काढाची होती."

"कोणती वही?"

"टाचणाची. सर रोज तिच्यात पाहून शिकवत. आमाले इंग्रजीले कोनीच नाई काकू. एक सर आले होते तासावर, ते पंधरा दिवसांत गेले. अर्धं पुस्तक तसंच पडलं हाय."

वही मला माहीत होती. कपाटात त्यांच्या शर्टांखाली होती. मी ती कधी उघडली नव्हती, उघडून करणार काय? मी वही आणली, पण तिच्या हातात दिली नाही. माझ्या तोंडून काय निघालं ते माझं मलाच नवीन होतं.

"वही देतो. पन इथंच बसून वाच. आनं मलेही सांग."

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. तिला सतरा नंबरच्या फॉर्मचं माहीत असणार, गावात सगळ्यांनाच होतं. "बरं," म्हणाली, आणि ओसरीवर मांडी घालून बसली.

अशी माझी शिकवणी सुरू झाली. माझ्याकडे वही होती, ती मला वाचता येत नव्हती. तिला वाचता येत होती, तिच्याकडे ती नव्हती. यात कोणाचे कोणावर उपकार नव्हते, म्हणून ते सोपं गेलं.

वहीत डाव्या पानावर निळ्या शाईनं इंग्रजी होतं आणि उजव्या पानावर पेन्सिलनं मराठीत, स्वतःसाठी केलेल्या खुणा. 'इथे सावकाश.' 'इथे मागच्या बाकाला विचारणे.' एका पानावर नुसतं लिहिलं होतं, 'म्हैस.' ते वाचून प्रज्ञा एकदम हसली आणि लगेच तोंडावर हात धरला.

"काय झालं?"

"काही नाई काकू."

"सांग न."

"सरायची म्हैस. पार्ट्स ऑफ स्पीचची. सर म्हनत, म्हैस नाउन, काळी अ‍ॅडजेक्टिव्ह, बसली व्हर्ब, निवांत अ‍ॅडव्हर्ब. रस्त्यावर बसली, त्यातलं 'वर' ते प्रिपोझिशन. आनं मागून एसटीचा ड्रायव्हर काच खाली करून जे म्हनते, ते इंटरजेक्शन." ती पुन्हा हसली. "मंग सर ड्रायव्हरसारखे ओरडून दाखवत. बाजूच्या वर्गातले पोरं दारात येत पाहाले."

मी हसले नाही. बारा वर्षं मी त्या माणसाबरोबर राहिले, ती म्हैस मला एकदाही दिसली नव्हती. घरी ते फार बोलत नसत. चप्पल काढायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे, पेपर तपासायला बसायचे. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच तसा. आता कळलं की ते दिवसभर शाळेत बोलून, ओरडून, हसवून येत आणि मला उरलेले मिळत. याचं वाईट वाटायला हवं होतं. रागही यायला हवा होता. मी फक्त म्हटलं, "पुढं वाच."

हळूहळू मला ते समजू लागलं. नाम सोपं होतं. ज्याला हाक मारता येते किंवा ज्याचं नाव घेता येतं ते नाम. सर्वनाम म्हणजे नाव न घेता. तेही मला सोपं गेलं, मी जन्मभर त्यांचं नाव न घेता 'हे' म्हणत आले होते. शब्दयोगी अव्ययानं मात्र त्रास दिला. आपण म्हणतो टेबलावर. टेबल आधी, वर नंतर, तेही त्याला चिकटून. इंग्रजीत 'वर' आधी येतं, सुटं येतं, आणि टेबल मागून. प्रज्ञा म्हणायची, "काकू, उलटं चाला. पाठमोरं चाललं की बरोबर पोचता." मी पाठमोरी चालत राहिले. ऑन द टेबल. अंडर द ट्री. बिहाइंड द हाऊस. भाकरी थापताना, धुणं बडवताना ओठ हलत राहायचे. सासरे लांबून बघायचे.

जानेवारीत आमच्या अंगणात तूर आली. दिवसभर बडवणं, माणसांची ये-जा, तुरीच्या शेंगांची धूळ. ओसरीवर बसायची सोय राहिली नाही. प्रज्ञा म्हणाली, "आमच्या विहारात या काकू. तिथं वाचनाची खोली हाय, आमी सगळ्या पोरी तिथंच बसतो. लाइट चांगला हाय." विहार त्यांच्या वस्तीत, गावाच्या त्या टोकाला. आमच्या घरातलं कोणी तिकडं बसायला कधी गेलं नव्हतं. जाऊ नये असं कोणी म्हटलं नव्हतं, जायचं कारणच पडलं नव्हतं. मी पिशवीत वही घातली आणि गेले. भिंतीला टेकून सहा पोरी बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा केली. एकीनं माझ्याकडे पाणी सरकवलं.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी अडवलं.

"तिकडं कायले जातं?"

"अभ्यासाले."

"घरी जागा नाई?"

"हाय. पन माही मास्तरीन तिकडं राह्यते."

ते तुरीच्या ढिगाकडे बघत उभे राहिले. मग आत गेले. मला वाटलं आता बोलणं होणार. दुसऱ्या दिवशी मी निघाले तर ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या हरभऱ्याची एक पेंढी बांधून ठेवलेली. "त्या पोरीयले ने," ते म्हणाले, आणि बैलांकडे निघून गेले. विहारात आम्ही घाटे सोलत सोलत टेन्स केले. टरफलांचा ढीग मधोमध आणि भोवती सात जणी. एक पोरगी म्हणाली, "काकू, तुमच्या वावरातला हरभरा लय गोड हाय." मी म्हटलं, "इंग्रजीत सांग." सगळ्या हसल्या. मी शिक्षकासारखं बोलले होते.

एकदा प्रज्ञानं मला निबंध लिहायला दिला, 'माय फॅमिली'. पाच वाक्यं. मी घरून लिहून नेला. तिनं लाल पेन काढला आणि वाचायला लागली. दोन ठिकाणी 'द' घातला, एका ठिकाणी 'एस' लावला. चौथ्या वाक्यावर पेन थांबला. 'माय हजबंड इज अ टीचर.' मी लिहिलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुस्तकात तसंच वाक्य होतं, फादर इज अ फार्मर, ब्रदर इज अ ड्रायव्हर, त्याच चालीवर माझा हात गेला होता.

प्रज्ञाचे कान लाल झाले.

"वाक्य बरोबर हाय काकू," ती म्हणाली. "यात चूक काहीच नाई."

मी तिच्या हातातला पेन घेतला आणि 'इज' खोडून 'वॉज' केलं. स्पेलिंग बरोबर आलं. पुढच्या वाक्यावर आम्ही दोघी गेलो.

घरी येताना मी विचार करत होते की आपल्याला काही झालं कसं नाही. एका शब्दाचा दुसरा शब्द करायचा, त्यासाठी मला सहा महिने लागायला हवे होते असं कोणी म्हटलं असतं तर पटलं असतं. मला श्वासाइतकाही वेळ लागला नाही. मला माझीच भीती वाटली. वाटेत एका बाईनं विचारलं, "जेवली का वं?" मी म्हटलं, "हो." जेवले नव्हते.

मग हरभरा सोंगणीला आला. मजूर मिळत नव्हते. त्या वर्षी सगळ्यांचाच हरभरा एकदम वाळला. प्रज्ञाची आई आमच्याकडे कामाला आली आणि रविवारी प्रज्ञाही आली. परीक्षेला पंधरा दिवस होते. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, ती बोटांना लागली की आधी चरचरते आणि मग बोटं फाटतात. सकाळी दव असताना ती जास्त बाधते, पण उशीर केला तर घाटे फुटतात, म्हणून उजाडताच जावं लागतं. आम्ही दोघी शेजारच्या ओळी धरल्या. ती विचारायची, मी सांगायची. अँड? कन्जंक्शन. क्विकली? अ‍ॅडव्हर्ब. ब्युटीफुल? अ‍ॅडजेक्टिव्ह. उपटायचं, झटकायचं, मागं टाकायचं. बांधावरचा पळस फुलायला लागला होता. तिची आई दूर पलीकडच्या टोकाला होती.

मी विचारलं, "प्रज्ञा, त्या दिवशी सर काय शिकवत होते वं?"

ती उपटता उपटता थांबली.

"प्रिपोझिशन."

"शेवटी काय म्हनले?"

तिनं हातातलं झाड खाली ठेवलं. "कोनी विचारलं नाई आतापावतर," ती म्हणाली. मग सांगायला लागली, जमिनीकडे बघून. "पानी सुरू झालं होतं. तिरपं येत होतं खिडकीतून. सर फळ्यावर लिहीत होते. म्हनले, प्रज्ञा, खिडकी लावून घे, पुस्तकं ओली होतीन. मी उठली. कडी बसतच नव्हती काकू, गंजली होती. मी तिले ढकलतच राह्यली. मागं पाह्यलं त सर खुर्चीवर बसले होते. सर शिकवताना कधी बसत नव्हते. मी समजली दम घेऊन राह्यले. मी पुन्हा कडीच लावत बसली." तिचा आवाज फुटला. "मी तवाच पाह्यलं असतं, कोनाले हाक मारली असती त... मी खिडकीच लावत राह्यली काकू."

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. गुडघ्यांत तोंड घालून, पंधरा वर्षांची पोर, आठ महिने हे घेऊन फिरत होती. माझ्या ओसरीवर येत होती, माझे 'द' आणि 'एस' दुरुस्त करत होती. मी तिच्याजवळ गेले. काय करायचं ते समजेना. तिच्या डोक्यावर हात ठेवावा तर हाताला आंब लागलेली.

मी विचारलं, "मंग खिडकी लागली का?"

तिनं वर पाहिलं. "हो. लागली."

"मंग झालं. त्यायनं तेवढंच सांगतलं होतं."

मी ते समजूत घालायला म्हटलं नव्हतं. मला खरंच तेवढंच कळत होतं, की एका माणसानं एक काम सांगितलं आणि ते झालं, पुस्तकं ओली झाली नाहीत. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. आंब डोळ्यांत जाऊ नये म्हणून मी तिला आधी हात धुवायला पाठवलं. ती परत आली तेव्हा मी पुढची ओळ धरली होती. दुपारपर्यंत आम्ही ते वावर काढलं.

आता हे सगळं सरून सात वर्षं झाली. मी पास झाले. इंग्रजीत त्रेचाळीस मार्क पडले. गणितात काठावर निघाले. पुढच्या वर्षी टायपिंग केलं आणि कारकून म्हणून लागले. फेब्रुवारीत दहावीची पोरं ऑफिसच्या खिडकीशी हॉलतिकिटं न्यायला येतात, गर्दी करतात, एकमेकांचे फोटो बघून हसतात. मी सही घेते, शिक्का मारते, नाव नीट तपासून घ्या म्हणते. कधी एखादी पोरगी हॉलतिकीट हातात घेऊन जागची हलत नाही. तिला काही विचारायचं असतं आणि विचारता येत नसतं. मी तिला आत बोलावून पाणी देते. त्याहून जास्त काय करावं ते मला अजून समजलेलं नाही. प्रज्ञा अकोल्याला नर्स आहे. तिच्या ड्यूट्या बदलत राहतात, मधेच कधी फोन येतो. सासरे आहेत. सकाळी आरोहीचं पाठांतर ऐकत बसतात, त्यांना काही कळत नाही, पण ती अडली की म्हणतात, "पुन्हा सुरूपासून म्हन."

मधे एका मास्तरांनी मला म्हटलं, "बाई, तुम्ही त्या काळात किती धीरानं घेतलं!" मी हसले. धीर वेगळा असतो. धीराला काही धरून ठेवावं लागतं. माझ्या हातात धरायला काही नव्हतंच, म्हणून काही सुटलं नाही.

फक्त एक दिवस तसा नव्हता. इंग्रजीच्या पेपरचा.

सेंटर मंगरूळपीरला आलं होतं. प्रज्ञा आणि मी सकाळच्या एसटीनं गेलो. फाटकावर पोलीस होते, आत भरारी पथक येणार म्हणून धावपळ होती. मी वर्गाच्या दारात गेले तर पर्यवेक्षक म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा." मी हॉलतिकीट पुढं केलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, "या ताई. बसा." तिसरा बाक होता. माझ्या पुढं एक पोरगा होता, त्याच्या मानेवर घाम आला होता. पेपर हातात आला तेव्हा अक्षरं आधी हलली आणि मग एकेक करून जागेवर बसली. वाचता येत होतं. सगळं नाही, पण बरंच. मी लिहायला लागले.

दोन वाजता सुटलो. स्टँडसमोर रसवंती होती. दुपारचं ऊन, चरक्याला बांधलेले घुंगरू वाजत होते. आम्ही बाकावर बसलो, दोन ग्लास सांगितले. प्रज्ञानं प्रश्नपत्रिका मांडीवर उघडली आणि एकेक प्रश्न विचारायला लागली. तुम्ही काय लिहिलं, मी काय लिहिलं. बहुतेक ठिकाणी माझं चुकलं होतं किंवा अर्धं होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग शब्दाची जात ओळखा, तो प्रश्न आला. 'दे प्लेड आफ्टर द बेल रँग.' आफ्टरखाली रेघ होती.

"प्रिपोझिशन," प्रज्ञा म्हणाली आणि पुढं निघाली.

"मी कन्जंक्शन लिहिलं."

"आफ्टर प्रिपोझिशनच असते काकू. आफ्टर लंच. आफ्टर द मॅच."

"त्याच्या मागं नुसतं नाम आलं तर. इथं बेल रँग हाय. घंटा वाजली. अख्खं वाक्य हाय मागं, व्हर्बसकट. दोन वाक्यं जोडली त्यानं."

ती थांबली. प्रश्नपत्रिका जवळ घेऊन तिनं ती ओळ पुन्हा वाचली, बोट ठेवून. ग्लास आले, तिनं घेतला नाही. मग ती हळूच म्हणाली, "काकू, तुमचं बरोबर हाय. माझं चुकलं."

"पक्कं?"

"पक्कं. चारशे पोरं बसले असतीन सेंटरवर, त्यातल्या दहा जनायनं बी लिहिलं नसन हे."

कितीतरी दिवसांनी मला काहीतरी झालं. कान तापले, तोंडावर हसू आलं, ते आवरेना. मी रस एका दमात संपवला, पदर खोचला, पिशवी उचलली आणि उभी राहिले.

"चाल लवकर. ही गाडी भेटली त दिवस असता घरी पोचतो. सरायले सांगतो."

प्रज्ञा बसूनच राहिली. घुंगरू वाजत होते. रसवाल्यानं चोथा पुन्हा चरक्यात घातला. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावरून मला कळलं की मी काय बोलले.

मी बाकावर बसले. मग मला रडू आलं. आधी नुसता आवाज आला, तो माझा आहे हे मला कळलं नाही. मग सगळंच आलं. भर दुपारी, भर रस्त्यावर, पोरं, पालक, रिक्षावाले बघत असताना मी तोंड झाकायचंही विसरून रडले. समोर आमची एसटी लागली, भरली आणि निघून गेली. रसवाल्यानं चरका थांबवला. कोणीतरी विचारलं, "पेपर अवघड गेला का?" प्रज्ञानं त्याला हातानंच जा म्हटलं.

तिनं दोन्ही प्रश्नपत्रिकांची घडी केली, माझ्या पिशवीत ठेवली, आणि उठून स्टँडकडे गेली. परत आली तेव्हा माझ्या अगदी जवळ बसली, खांद्याला खांदा लावून.

"पुढची गाडी चारले हाय, काकू," ती म्हणाली. "घाई नाई."